पंपातले औषध संपले, हे कसे ओळखावे?

दम्याचा पंप तुम्ही पाहिला असेल. मुठीत मावेल एवढीच ती वस्तू. बाहेरून प्लास्टिकचे कोपरासारखे वाकलेले कव्हर. आत धातूची लहानशी डबी. डबी वरून दाबली की फुस्स असा आवाज होतो आणि औषधाचा फवारा तोंडावाटे छातीत जातो. डॉक्टर त्याला इन्हेलर म्हणतात. आपल्याकडे सगळे पंपच म्हणतात. आपणही या धड्यात पंपच म्हणू.

आपल्या जालना जिल्ह्यात दम्याला निमित्ते काही कमी नाहीत. कापूस वेचणीला गेले की तंतू नाकात जातो. सोयाबीन, तूर मळायला घेतली की भुसा उडतो. चुलीत पऱ्हाट्या जळतात, घर धुराने भरते. बांधावर गाजरगवत माजलेले असतेच. ज्याला दमा आहे त्याने या सगळ्यांतून दूर कुठे जावे? शेत सुटत नाही, चूलही सुटत नाही. म्हणून पंप जवळ हवा. आणि त्यात औषधही हवे.

"औषध तर असणारच की!" असे तुम्ही म्हणाल. तिथेच माणूस फसतो.

अंबड तालुक्यातल्या एका गावी आमचा रात्रीचा वर्ग चालतो. त्या वर्गाला एक आजी येतात. त्यांना बारा वर्षांपासून दमा आहे. घटस्थापनेच्या सुमाराला त्यांच्या मुलाने नवा पंप आणून दिला. आजी तो कंबरेच्या पिशवीत ठेवायच्या. दम लागला की काढायच्या, फवारा मारायच्या, परत पिशवीत. कापूस वेचणीच्या दिवसांत रोज तीन फवारे व्हायचे. एरवी दोन.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी अंगणात तूर बडवली. त्या रात्री आजींना दम भरला. त्या उठून बसल्या, पंप काढला. फुस्स. पुन्हा फुस्स. छाती काही मोकळी होईना.

"लेकरा, फवारा निघायलाय, पण दम बसंना रे!"

नातवाने पंप कानाशी धरून हलवला. आत खळखळ वाजले. "आजी, हाय की औषध! आवाज यायलाय बघ. आणखी दोन मार."

आजींनी दोन मारले, मग आणखी चार. ओठ निळसर पडू लागले तेव्हा घरचे घाबरले. शेजाऱ्याची जीप काढली आणि सरकारी दवाखाना गाठला. तिथे प्राणवायू लावला, औषधाची वाफ दिली. पहाटे आजी बोलत्या झाल्या. म्हणून आज त्या आमच्या वर्गात बसून बाराखडी गिरवतात.

पुढे आम्ही सर्वांनी मिळून हिशेब केला. घटस्थापना ते संक्रांत म्हणजे शंभर दिवसांच्या वर. रोजचे दोन-तीन फवारे. बेरीज अडीचशेच्या पुढे गेली. आणि डबीवर काय छापले होते? २०० फवारे. म्हणजे औषध कधीच संपले होते. आजी कित्येक दिवस नुसता वारा ओढत होत्या!

आता प्रश्न असा, की औषध संपले तर फवारा कसा निघाला? आत खळखळ कशाची वाजली?

कपाशीवर फवारणी करतो तो पाठीवरचा पंप डोळ्यांसमोर आणा. त्यात औषध न घालता नुसते पाणी भरले तरी फवारा निघतोच. लांबून बघणाऱ्याला काही फरक कळत नाही. अळीला मात्र कळतो. ती मजेत पान खात राहते. दम्याच्या पंपाचेही तसेच आहे. त्या डबीत दोन गोष्टी असतात. एक औषध. दुसरा, औषधाला बाहेर ढकलणारा वायू. हा वायू दाबाखाली पातळ करून भरलेला असतो. शेवटचा फवारासुद्धा नीट निघावा म्हणून वायू गरजेपेक्षा थोडा जास्तच भरतात. ठरलेले फवारे झाले तरी डबीत वायू उरतो. तोच फुस्स करतो, तोच खळखळ वाजतो. त्याच्याबरोबर औषध थोडे येईल किंवा मुळीच येणार नाही. त्याचा नेम नसतो.

म्हणून पंप कानाशी हलवून काही कळत नाही. पंप वापरण्याआधी हलवायचा असतो हे खरे. पण तो आतले औषध नीट मिसळावे म्हणून. किती उरले ते कळावे म्हणून नव्हे.

काही लोक दुसरी युक्ती सांगतात. डबी पाण्यात टाका. बुडाली तर भरलेली, तरंगली तर रिकामी. पूर्वी काही डॉक्टरही असे सांगत. पण ही परीक्षा खोटी ठरली आहे. डब्या निरनिराळ्या, त्यांतली औषधे निरनिराळी, प्रत्येक डबी वेगळी तरंगते. शिवाय तोंडाच्या बारीक भोकात पाणी शिरून चांगली डबी बिघडायची ती वेगळीच. तेव्हा धातूची डबी पाण्यात घालू नये.

मग खरा उपाय कोणता? मोजणे. दुसरा उपाय नाही.

काही पंपांना पाठीमागे बारीक खिडकी असते. खिडकीत आकडा दिसतो. फवारा मारला की आकडा उतरतो. काही पंपांत तो एकेकाने उतरतो, काहींत दहा-दहाने. शेवटी शेवटी पुष्कळ पंपांत तो लाल होतो. ० आले की पंप संपला. मग फवारा निघो वा न निघो, तो पंप वापरायचा नाही. हे आकडे इंग्रजी असतात. पण घाबरायचे कारण नाही. मोबाईलवर नंबर लावताना तुम्ही जे आकडे दाबता, तेच हे आकडे.

खिडकीचा पंप मिळाला तर तोच घ्यावा. दुकानदाराला तसे स्पष्ट विचारावे. जगात असा पहिला पंप १९५६ साली अमेरिकेत निघाला. जॉर्ज मेसन नावाचा गृहस्थ औषधांच्या एका कंपनीचा प्रमुख होता. त्याच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. केसांना मारायच्या फवाऱ्याच्या डबीसारखे माझे औषध का मिळत नाही, असे तिने बापाला विचारले. पोरीच्या प्रश्नातून पंप झाला. पण आकड्याची खिडकी यायला पुढे कितीतरी वर्षे लागली. आजही बाजारात बिनखिडकीचे पंप पुष्कळ आहेत. ज्याच्याजवळ तसा पंप आहे त्याने स्वतःच खिडकी व्हायचे.

ते कसे? आधी डबीवर किंवा खोक्यावर किती फवारे लिहिले आहेत ते वाचा. पुष्कळ पंपांवर २०० असते, काहींवर १२०. दर वेळी वाचा. मागच्या पंपावर २०० होते म्हणून याच्यावरही असतील असे धरू नका. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचा पंप दिला तर आकडा बदलतो.

त्यानंतरचा हिशेब पंप कोणत्या कामाचा आहे त्यावर आहे. दम्याचे पंप मुख्यतः दोन कामांचे असतात. एक रोजचा. तो दम लागो न लागो, सकाळ-संध्याकाळ घ्यायचा. तो श्वासनळीची आतली सूज उतरवतो. दुसरा अडचणीचा. दम लागला की तेवढ्यापुरता घ्यायचा. तो आवळलेली नळी मोकळी करतो. अलीकडे दोन्ही कामे करणारा एकच पंपही काही डॉक्टर देतात. आपला पंप कोणत्या कामाचा, हे डॉक्टरांना विचारून खोक्यावर मराठीत लिहून ठेवावे. रंगावर जाऊ नये. एका कंपनीचा रंग दुसरीला लागू पडत नाही.

रोजच्या पंपाचा हिशेब सोपा. समजा, पंपात १२० फवारे आहेत. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, असे रोजचे चार. १२० भागिले ४ म्हणजे ३० दिवस. पुनवेला सुरू केला तर पुढच्या पुनवेला नवा हवा. २०० फवाऱ्यांचा असेल तर ५० दिवस. ज्या दिवशी पंप उघडला ती तारीख त्यावर चिकटपट्टी लावून लिहा. तिच्याखाली संपायची तारीखही लिहा. रोज मोजत बसायला नको.

या रोजच्या पंपाबद्दल आम्हाला जास्त काळजी वाटते. अडचणीचा पंप संपला तर त्याच रात्री कळते. आजींना कळले तसे. रोजचा संपला तर आठ-पंधरा दिवस काहीच कळत नाही. माणूस रिकामा पंप ओढत राहतो, बरेही वाटत राहते. आत सूज हळूहळू परत चढते. मग एक दिवस थंडीची लाट येते किंवा मळणी निघते आणि दमा एकदम उसळतो. लोक म्हणतात, "पंप चालू असूनही दमा झाला, पंपाचा काही उपयोग नाही." अहो, पंप चालू कुठे होता?

उलटेही होते. हिशेबाने पंप पुनवेला संपायला हवा, आणि खिडकीत अजून ५० दिसतात. मग ते ५० फवारे कोणी चुकवले? आपणच. खिडकी चहाडी करते ती अशी.

अडचणीच्या पंपाचा हिशेब तारखेवरून होत नाही. कधी आठवडाभर लागत नाही, कधी एका रात्रीत आठ फवारे लागतात. तिथे खुणाच कराव्या लागतात. एक कागद घ्या. एका फवाऱ्याला एक रेघ. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी आडवी मारा. दूध घालताना डेअरीत खुणा करतात तशाच. दहा फवाऱ्यांची एक ओळ केली तर २० ओळींत पंप संपतो. कागद पंपाच्या खोक्यावरच चिकटवा. लिहिणे अजून जमत नसेल तर डब्यात दाणे मोजून ठेवा आणि फवाऱ्याला एक दाणा बाहेर काढा. आमच्या वर्गातल्या एका मावशींनी तुरीचे दाणे ठेवले होते. निम्मा हिशेब कोंबडीने खाल्ला! तेव्हापासून त्या चिंचोके ठेवतात.

नवा पंप उघडल्यावर पहिले काही फवारे हवेत सोडायला सांगतात. पुष्कळ दिवस न वापरलेल्या पंपाचेही तसेच. किती सोडायचे ते पंपासोबतच्या कागदावर असते. हे हवेतले फवारेसुद्धा मोजात धरावेत.

आता आणखी एक गोष्ट. अडचणीचा पंप किती लवकर संपतो, याकडे लक्ष ठेवा. हा नुसता पैशाचा प्रश्न नाही. ज्याचा दमा ताब्यात आहे त्याला आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त वेळा हा पंप लागू नये. वर्षात २०० फवाऱ्यांचे तीन किंवा जास्त पंप संपले, तर दमा उसळण्याचा धोका वाढलेला असतो. महिन्याला एक संपत असेल तर जिवाचाच धोका वाढतो. हे जगभरच्या डॉक्टरांनी पाहिलेले आहे. अशा माणसाने दुकानातून नुसता पुढचा पंप आणू नये. आधी डॉक्टरांकडे जावे आणि रेघांचा कागद सोबत न्यावा. त्याला बहुधा रोजचा पंप हवा असतो आणि तो कुणी दिलेला नसतो, किंवा त्याने मधेच सोडलेला असतो. आमच्या आजींचे हेच झाले होते. अडचणीचा पंप त्या रोज ओढत होत्या. रोजच्या पंपाचे नावही त्यांना ठाऊक नव्हते. आता तो त्यांना मिळाला आहे.

नवा पंप केव्हा आणावा? जुना संपल्यावर नव्हे. मोठ्या दम्यात डॉक्टर एका तासात वीस-तीस फवारेही द्यायला लावतात. म्हणजे "अजून पंधरा-वीस आहेत" हा शिल्लक साठा नव्हेच. एका रात्रीला तो पुरणार नाही. अडचणीच्या पंपात ४० फवारे उरले की पुढच्या आठवडी बाजाराला नवा आणावा. पावसाळ्यात ओढ्याला पाणी येऊन ज्यांचा रस्ता बंद होतो, त्यांनी मृगाच्या आधीच एक जादा आणून ठेवावा. सरकारी दवाखान्यात पंप मिळतो का ते प्रथम विचारावे. नसेल तर जनऔषधी दुकानात चौकशी करावी. तिथे पुष्कळ औषधे स्वस्त पडतात.

पंप घेताना दुकानातच तारीख बघावी. डबीवर ई, एक्स, पी ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. त्यापुढे औषधाची मुदत असते. तिथे ०८/२७ असे असेल तर पहिला आकडा महिन्याचा, दुसरा सालाचा. म्हणजे ऑगस्ट २०२७ अखेर. मुदत टळली की भरलेला पंपही बदलायचा. आमच्यापैकी एकाला एका दुकानाने मुदत टळलेला पंप दिला होता. परत न्यायला गेलो तर म्हणे, "घेतानाच बघायचं ना!" त्याचे वागणे चूक होते. पण बोलणे ध्यानात राहिले.

कधी कधी पंप भरलेला असूनही फवारा नीट निघत नाही. तो लगेच टाकू नका. प्लास्टिकच्या कव्हराचे भोक औषधाच्या भुकटीने बुजलेले असते. धातूची डबी काढून बाजूला ठेवा. कव्हर कोमट पाण्याने धुवा. रात्रभर वाळू द्या, मग डबी बसवा. आठवड्याला एकदा असे करावे. घरात दोन पंप असतील तर याची डबी त्याच्या कव्हरात घालू नका. खिडकीचा हिशेब चुकतो.

उन्हाळ्यात जालन्याचा पारा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याखाली, मोटारसायकलच्या डिकीत किंवा चुलीजवळच्या फळीवर पंप ठेवू नये. डबीत दाब असतो. माळवदाच्या घरातली भिंतीतली देवळी चांगली. तिथे गार असते आणि अंधारात हाताला सापडते. रिकामी डबी चुलीत टाकू नका, खिळ्याने फोडू नका. ती उडते. लेकरांना खेळायलाही देऊ नका.

काहींना फवाऱ्याऐवजी कॅप्सूलचा पंप असतो. यंत्रात कॅप्सूल घालायची, ती उघडते, मग भुकटी जोराने ओढायची. यात मोजणे अवघड नाही. डबीत कॅप्सूल किती उरल्या ते दिसतेच. ओढून झाल्यावर कॅप्सूलमध्ये भुकटी उरली का, तेवढे बघावे. उरली तर पुन्हा ओढावे. कॅप्सूल गिळायची नसते. ओल्या हाताने धरायची नसते. यंत्राला तडा गेला किंवा ते सैल झाले तर नवे घ्यावे.

जुनी माणसे दम्यावर धोतऱ्याची पाने चिलमीत घालून ओढत. धोतरा विषारी आहे. त्याने माणूस भ्रमिष्ट होतो, दगावतोही. मृगाला हैदराबादेला माशाचे औषध घ्यायला जाणारेही आपल्याकडे आहेत. जाणाऱ्याला आम्ही अडवत नाही. पण पंप घरी ठेवून जाऊ नये, आणि तिकडून आल्यावर रोजचा पंप सोडू नये.

पंप घेऊनही दम बसत नसेल, एक वाक्य पुरे बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर वाट बघू नये. रोग्याला झोपवू नये, बसते ठेवावे. १०८ नंबर लावावा. ही गाडी आपल्या राज्यात २०१४ सालापासून आहे, तिला पैसे पडत नाहीत. गाडी येईपर्यंत पंप चालू ठेवावा. घरात नवा पंप असेल तर तोच घ्यावा.

हिशेब करा

१. रोजच्या पंपात १२० फवारे आहेत. सकाळी २ आणि संध्याकाळी २ घ्यायचे आहेत. ५ जूनच्या सकाळी पंप सुरू केला. तो कोणत्या तारखेपर्यंत पुरेल?

२. अडचणीच्या पंपात २०० फवारे होते. कागदावर १६३ रेघा झाल्या आहेत. किती उरले? आज बाजार आहे. नवा पंप आज आणावा, की पुढच्या बाजारी?

३. डबीवर ०२/२८ असे लिहिले आहे. मुदत केव्हापर्यंत आहे?

४. आपल्या घरात किंवा शेजारी कुणाचा पंप असेल तर मागून घ्या. त्यावरचा फवाऱ्यांचा आकडा आणि मुदत मोठ्याने वाचून दाखवा. तो केव्हा सुरू केला ते विचारा आणि किती उरले ते त्यांच्याबरोबर बसून काढा.

उत्तरे : १. ४ जुलै. २. ३७ उरले; आजच आणावा. ३. फेब्रुवारी २०२८ अखेर.